पाण्याखालील ध्वनिमुद्रणे ओळखीसाठी पाठवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हायड्रोफोनने (पाण्याखालील मायक्रोफोनने) केलेली ध्वनिमुद्रणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासायची आणि त्यांत डॉल्फिन, मासे, कोळंबी किंवा बोटी यांचे आवाज कोणत्या वेळी आले याचा अहवाल द्यायचा, हे आमच्या छोट्या कार्यालयाचे काम आहे. आमच्या ग्राहकांत संशोधक विद्यार्थी आहेत, बंदरे आणि जेट्ट्यांच्या कामांसाठी पर्यावरणविषयक अहवाल तयार करणारे सल्लागार आहेत, तसेच हौसेने समुद्रात हायड्रोफोन सोडणारे पाणबुडेही आहेत. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे कोणत्या वेळी किती उंच-खालचा आवाज आला हे दाखवणारे चित्र, हे या सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याविषयी येथे अधिक सांगत नाही. हे पत्रक काढण्याचे कारण निराळे आहे. अलीकडे नव्या कामाच्या चौकशीपेक्षा ‘आमची फाईल परत का पाठवली’ ही चौकशीच अधिक येते, आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते : मुद्रण आमच्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी ते साफ केलेले असते किंवा लहान केलेले असते.

मोठ्या फायली पाठवणे त्रासाचे असते, हे आम्हांला मान्य आहे. ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंग रेटने (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेऊन), १६ बिटमध्ये, एकाच चॅनेलवर चोवीस तास मुद्रण केले तर सुमारे १६.६ गिगाबाइट माहिती जमते, आणि ३८४ किलोहर्ट्झने केले तर तीच ६६ गिगाबाइटच्या पुढे जाते. त्यामुळे फाईल एमपीथ्रीमध्ये बदलण्याचा मोह होतो. परंतु माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही ते टाकून द्यावे, या तत्त्वावरच एमपीथ्री बेतलेले आहे. मोठ्या आवाजाच्या आड दबलेला क्षीण आवाज ते आधी टाकते, आणि आपल्याला हवा असलेला डॉल्फिन बहुधा नेमका तेथेच, मासेमारी बोटीच्या इंजिनाच्या आड असतो. शिवाय एमपीथ्रीचा सॅम्पलिंग रेट ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही, आणि मुद्रणात सॅम्पलिंग रेटच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज टिकत असल्याने २४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच त्यात उरत नाही. कोकण किनाऱ्यालगत वावरणाऱ्या हम्पबॅक डॉल्फिनच्या शिट्ट्यांचा बराचसा भाग त्याखाली येतो हे खरे. पण भक्ष्य शोधण्यासाठी तो जे क्लिक काढतो, त्यांची व्याप्ती १०० किलोहर्ट्झच्याही वर जाते. एमपीथ्री केलेली फाईल पुन्हा डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या प्रकारात बदलून पाठवल्याने गेलेले परत येत नाही. ठरावीक उंचीवर सर्व आवाज एका आडव्या रेषेत तुटलेला स्पेक्ट्रोग्राममध्ये दिसतो आणि फाईलचा पूर्वेतिहास आम्हांला तत्काळ कळतो. व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश म्हणून पाठवलेली मुद्रणे तर बोलणे समजण्यापुरतीच जपलेली असतात. ती आम्ही उघडूनही पाहत नाही.

याहून अधिक वेळ खाणारा प्रकार म्हणजे ‘नॉइज रिमूव्ह’. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात हायड्रोफोन सोडला की तेलात मोहरी तडतडावी तसा सतत आवाज येतो. अनेकांना तो यंत्रातला दोष वाटतो आणि ते एखाद्या मोफत सॉफ्टवेअरने तो पुसून टाकतात. प्रत्यक्षात तो स्नॅपिंग श्रिंप या कोळंबीचा आवाज असतो. ती आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत सुटून त्यात बुडबुडा तयार होतो. आवाज नांगी आपटल्याचा नसून तो बुडबुडा फुटल्याचा असतो, हे २००० साली अतिजलद चित्रीकरणातून सिद्ध झाले. हा आवाज काही किलोहर्ट्झपासून सुमारे २०० किलोहर्ट्झपर्यंत पसरलेला आणि क्षणभरच टिकणारा असतो. डॉल्फिनचे क्लिकही असेच क्षणिक आणि विस्तृत पट्ट्याचे असल्याने कोळंबी पुसताना तेही पुसले जातात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. सॉफ्टवेअर पार्श्वभूमीचा आवाज वजा करते, तेव्हा मागे बारीक बारीक सुरेल तुकडे उरतात. कानाला ते किणकिण वाटतात, परंतु स्पेक्ट्रोग्राममध्ये ते आखूड शिट्ट्यांसारखे दिसतात, आणि ध्वनी ओळखणाऱ्या बहुतेक प्रणाली स्पेक्ट्रोग्रामचे चित्रच पाहत असतात. त्यामुळे साफ केलेल्या फाईलमध्ये यंत्राला ढिगाने डॉल्फिन सापडतात, आमचा माणूस त्या नोंदी एकेक करून ऐकतो, आणि दोन दिवसांनी निष्पन्न होते की समुद्रात शिट्टी वाजलेलीच नव्हती. या दोन दिवसांचे शुल्क ग्राहकाकडून घेणेही बरे वाटत नाही आणि सोडून देणेही परवडत नाही. म्हणून आम्ही अशी मुद्रणे परत पाठवतो. आवाज साफ करण्याची गरज असल्यास ते काम आमच्यावर सोडावे. ते अहवालाच्या शुल्कातच धरलेले आहे.

तेव्हा मेमरी कार्डावरील फायली जशाच्या तशा, नावेही न बदलता पाठवाव्यात. जागा वाचवायचीच असेल तर एफएलएसी हा प्रकार वापरावा. त्यात फाईल बरीच लहान होते आणि मूळ माहितीतले काहीही जात नाही. ‘महत्त्वाचा भाग’ कापून पाठवू नये, कारण यंत्राला त्या जागेची नेहमीची शांतता आणि नेहमीचा गोंगाटही ऐकावा लागतो. सोबत ठिकाण, खोली, भरती-ओहोटी, हायड्रोफोनची संवेदनशीलता आणि गेन (रेकॉर्डरने आवाज किती वाढवला ते) यांची नोंद द्यावी; शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर ‘आवाज किती मोठा होता’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. रेकॉर्डरचे घड्याळ भारतीय वेळेवर होते की यूटीसीवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर), हे विशेष करून लिहावे. घोळ, ढोमा यांसारखे मासे पोटातील हवेच्या पिशवीलगतचे स्नायू कंप पाववून आवाज काढतात (पालघरकडे भोत म्हणतात ती हीच पिशवी, जिच्यापायी घोळीला सोन्याचा भाव येतो), आणि माशांचे असे समूहस्वर बहुधा सूर्यास्तानंतर चढतात. घड्याळ यूटीसीवर असेल तर संध्याकाळी सातचा समूहस्वर फाईलमध्ये दुपारी दीडला दिसतो, आणि मग आम्ही भलतेच कारण शोधत बसतो.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, तर माणूस कशाला ऐकतो आणि त्याचे पैसे आम्ही का द्यायचे,’ असे काही ग्राहक स्पष्टपणे विचारतात, आणि त्यांच्या जागी आम्हीही विचारले असते. एक साधा हिशेब पाहावा. चोवीस तासांचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे केले तर १७,२८० तुकडे होतात. यंत्र शंभरांतून एकदाच चुकते असे धरले तरी, ज्या दिवशी एकही डॉल्फिन आला नाही त्या दिवशी सुमारे १७३ खोट्या नोंदी होतील. यंत्राने दिलेला ०.९५ हा गुण म्हणजे पंच्याण्णव टक्के खात्री नव्हे. अनेक प्रणाली आपल्याला शिकवलेल्या नावांपैकीच एखादे नाव निवडतात. समोर आलेला आवाज त्यांनी कधीच ऐकलेला नसला, तरी ‘हे मला ठाऊक नाही’ असे त्या आपण होऊन म्हणत नाहीत. देवमाशांसाठीच्या प्रसिद्ध प्रणालींपैकी गूगलची पहिली प्रणाली २०१८ साली अमेरिकेच्या नोआ या समुद्र व हवामानविषयक सरकारी संस्थेने पॅसिफिक महासागरात केलेल्या मुद्रणांवर तयार झाली. तिची उपयुक्तता वादातीत आहे; परंतु जुवारीच्या मुखातला मासा किंवा दाभोळच्या खाडीतली फेरीबोट तिच्या शिकवणीत नव्हती. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाजवळच्या माशांच्या आवाजांवर काम केले आहे, तरीही आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक माशांचे नावानिशी ओळखलेले आवाज अजून फार थोडे आहेत. म्हणून आमच्या अहवालात ‘अनिश्चित’ हा रकाना असतो, आणि तो भरलेला दिसला तर काम अपुरे झाले असे समजू नये.

माणूस आणि यंत्र यांची वाटणी कशी असावी, याचे उत्तम उदाहरण पॅसिफिक महासागरातील मारियाना बेटांजवळचे आहे. तेथे २०१४ साली टिपलेला ‘बायोट्वँग’ नावाचा चमत्कारिक आवाज कोणाचा, हे काही वर्षे कळत नव्हते. संशोधकांनी समुद्रात जाऊन ब्रायड्स व्हेल या जातीचे देवमासे डोळ्यांनी पाहिले, त्याच वेळी आवाजही टिपला, तेव्हा ओळख पटली. त्यानंतर वर्षानुवर्षांच्या मुद्रणांतून तो आवाज शोधून काढण्याचे अफाट काम कृत्रिम बुद्धिमत्तेने केले, आणि ते निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले.

उपकरण विकत घेण्यापूर्वी आम्हांला अवश्य विचारावे. या सल्ल्याचे शुल्क नाही. आपल्या किनाऱ्यावरील फिनलेस पॉरपॉईज या डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्याचे क्लिक १०० किलोहर्ट्झच्या वरच्या अरुंद पट्ट्यात असतात. ९६ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डरने ४८ किलोहर्ट्झपर्यंतचेच टिपले जात असल्याने असे उपकरण महिनाभर पाण्यात ठेवले तरी तो सापडणार नाही, आणि तेवढ्यावरून ‘पॉरपॉईज आढळला नाही’ असे शासकीय अहवालात लिहिणे योग्य होणार नाही. हा प्राणी आणि हम्पबॅक डॉल्फिन हे दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे अशा वाक्याची पुढे कसून तपासणी होऊ शकते.

पहिल्यांदा काम देणाऱ्यांनी दहा मिनिटांची मूळ फाईल नमुना म्हणून पाठवावी. ती तपासून मुद्रण कामाचे आहे की नाही, आणि संपूर्ण अहवालाला किती खर्च येईल, हे आम्ही विनामूल्य कळवतो. मोठ्या कामासाठी हार्ड डिस्क कुरिअरने पाठवणे सोयीचे पडते. अहवालाबरोबर ती परत केली जाते, मात्र अहवाल हाती येईपर्यंत आपल्याकडील मूळ कार्ड पुसू नये.