कोंबडं झाकलं तरी

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण आपल्या तोंडी असते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमका उलटा प्रश्न विचारला : तांबडं फुटूच दिलं नाही, तर कोंबडा आरवायचा राहतो का? दिवसरात्र एकसारखा मंद उजेड ठेवला, तरी कोंबडे रोज आपापल्या पहाटे आरवत राहिले. फरक एवढाच, की त्यांचा दिवस 24 तासांपेक्षा जरासा आखूड झाला. पहाट त्यांच्या शरीरातल्या घड्याळातच होती. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2015 मध्ये त्यांनीच दाखवलं, की कळपात पहिली बांग मानाच्या कोंबड्याची असते. बाकीचे मानाच्या उतरत्या क्रमाने त्याच्या मागोमाग आरवतात.

हे वाचल्यापासून मी पहाटे आवाजांचा क्रम ऐकायला लागलो, आणि इतकी वर्षं नुसता ‘किलबिलाट’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीत केवढं काही आहे ते उमगलं.

रानपक्ष्यांमध्येही क्रम असतो. साधारणपणे शरीराच्या मानाने मोठे डोळे असलेले पक्षी आधी गाऊ लागतात, कारण अंधूक उजेडातही त्यांना दिसतं. त्या उजेडात किडे शोधणं मात्र कठीण, म्हणून तो वेळ गाण्यावर खर्च करणं परवडतं. शिवाय रात्रभराच्या उपासानंतरही जोमाने गाणारा नर, ‘माझ्या अंगात अजून ताकद आहे’ हेच मादीला आणि शेजारच्या नराला कळवत असतो. युरोपातल्या ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याचा नर विणीच्या दिवसांत मादी ढोलीतून बाहेर येईपर्यंत गातो. ती आली, की गाणं थांबतं!

एवढ्याशा जिवातून इतके सूर निघतात ते सिरिंक्समधून. आपला स्वरयंत्राचा डबा श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतो. पक्ष्यांचं हे यंत्र खाली, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असतं. गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. काही पक्षी एकाच वेळी दोन सूर लावतात ते यामुळेच.

हवाही साथ देते. निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं, की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने घटतो. त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो. वारा पडलेला असतो, म्हणून तो विस्कटतही नाही. लांबच्या रेल्वेची शिट्टी पहाटे उशाशी वाजल्यासारखी वाटते, ती याच कारणाने. ऊन चढलं, जमीन तापली, की हा खेळ संपतो.

आपल्या गोंगाटाने या गाण्याचं काय होतं, हे 2020 च्या टाळेबंदीत दिसलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली वाहनांची वर्दळ ओसरली, तेव्हा तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात, पूर्वीपेक्षा खालच्या सुरांपर्यंत उतरत गाऊ लागल्या. आणि आवाज हळू असूनही त्यांचं गाणं आधीपेक्षा लांब पोचत होतं.