स्नोबोर्डच्या कडांना धार लावणे

स्नोबोर्डच्या तळाभोवती साधारण २ मिलिमीटर जाडीची पोलादी कड असते. वळताना आणि थांबताना बोर्ड हिच्यावरच तोलला जातो. ती बोथट झाली की टणक उतारावर पकड सुटते. गुलमर्गसारख्या ठिकाणच्या भुसभुशीत ताज्या हिमात धारेचे महत्त्व कमी, पण हिमाखाली दडलेले खडक कडेला खाचा पाडतात.

कडेला दोन बाजू असतात. तळाकडची बाजू बहुधा १ अंशाने वर उचललेली असते. बाहेरची बाजू तळाशी ८९ किंवा ८८ अंशांचा कोन करते. घरी धार लावायची ती बाहेरच्या बाजूला. तळाकडे कानस फिरवली की तो कोन वाढत जातो आणि पूर्ववत करायला अख्खा तळ यंत्रावर घासून घ्यावा लागतो.

बोर्ड पक्का आवळून कड फडक्याने पुसावी. खडकाचा मार बसलेल्या जागी पोलाद कडक झालेले असते. तिथे कानस नुसती घसरते आणि तिचेच दाते जातात. म्हणून आधी पाण्यात भिजवलेल्या भरड डायमंड स्टोनने, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेल्या घासपट्टीने, ती जागा घासावी. पुष्कळदा एवढ्यावरच भागते, आणि कड जितकी कमी झिजवाल तितका बोर्ड जास्त वर्षे टिकतो.

कानस लागलीच, तर कडेवर मार्करची रेघ ओढावी आणि कोन ठरवणाऱ्या गाइडमध्ये कानस बसवून ती हलक्या हाताने एकाच दिशेने ओढावी. तळालगतची शाई शिल्लक असेल तर धार अजून टोकापर्यंत आलेली नाही. वरच्या प्लास्टिकच्या भिंतीला कानस अडत असेल तर आधी ती भिंत थोडी तासावी लागते. लोखंडाचा कीस दर दोन-चार फेऱ्यांनी झटकावा, नाहीतर तो तळात रुततो.

शेवटी ४०० आणि ६०० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दाणा बारीक) डायमंड स्टोन फिरवावेत. घासताना तळाकडे वळलेला पोलादाचा बारीक कंगोरा रबरी गमी स्टोनने अलगद काढावा. जोर दिला तर नवी धारही जाते. नख कडेवर आडवे ओढल्यावर पांढरा भुसा निघाला की धार पुरेशी. शेंड्याला आणि शेपटीला कड जिथे वर वळते, तेवढीच जागा मुद्दाम बोथट करतात. ती धारदार राहिली तर बोर्ड वळण सुरू होतानाच अडकतो.

उतरल्यावर कडा कोरड्या कराव्यात. ओल्या पिशवीत एका रात्रीतही गंज धरतो. वरवरचा गंज गमी स्टोनने निघतो. हंगाम संपल्यावर तळाला लावलेले मेण कडांवरही राहू द्यावे, ते पुढच्या हिवाळ्यातच खरवडावे. कडेला चीर गेली असेल किंवा ती तळापासून सुटली असेल, तर कानशीचा उपयोग नाही. असा बोर्ड दुरुस्तीला द्यावा.