कॅराव्हॅन-प्रवास आणि फेरीबोट (युरोप)

कॅराव्हॅन-प्रवास म्हणजे चाकांवरचे घर बरोबर घेऊन हिंडणे. घर मोटारीला मागे जोडलेले असेल तर ती कॅराव्हॅन. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असेल तर मोटरहोम. जर्मन लोक यांना अनुक्रमे 'वोनवागन' आणि 'वोनमोबील' म्हणतात, तर नेदरलँड्समध्ये मागे ओढायच्या घराला 'स्लूरहट', म्हणजे फरफटत न्यायची झोपडी, असे लाडके नाव आहे. मूळ शब्द फारसी 'कारवाँ', आपला तांडा. अनेक माणसांच्या, जनावरांच्या मेळाव्याचे हे नाव युरोपात एका कुटुंबाच्या एका गाडीला येऊन चिकटले.

ब्रिटन, आयर्लंड, सार्डिनिया ही बेटे आहेत, आणि स्कँडिनेव्हिया किंवा ग्रीसला जातानाही बरेचदा समुद्र ओलांडावा लागतो. म्हणून या प्रवासात रस्त्याइतकेच महत्त्व फेरीबोटीला आहे. ज्याने दाभोळ–धोपावे किंवा आगरदांडा–दिघी ही खाडी गाडीसह ओलांडली आहे त्याला यातले तत्त्व समजावावे लागत नाही : गाडी आपल्या चाकांवर बोटीत चढते आणि पलीकडे आपल्या चाकांवर उतरते. फक्त इथे खाडीच्या जागी समुद्र असतो, आणि गाडीच्या मागे किंवा पोटात चूल, बिछाना आणि मोरी असते.

हौसेखातर बांधलेली पहिली कॅराव्हॅन १८८५ मधली मानली जाते. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून 'वाँडरर' नावाची गाडी करवून घेतली. ती ओढायला दोन घोडे होते, आत हार्मोनियम होता, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई. इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या ट्वायफर्डहून निघून ते स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली. जर्मनीत ही कल्पना एका घरगुती गरजेतून आली. आरिस्ट डेटलेफ्स यांच्या घराण्याचा ईस्नी या गावी चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा कारखाना होता. मालाच्या विक्रीसाठी त्यांना सतत बाहेर राहावे लागे. त्यांची वाग्दत्त वधू फ्रीडेल चित्रकार होती. दोघांना बरोबर फिरता येईल आणि तिला वाटेत चित्रेही काढता येतील अशी, भटक्यांच्या गाडीसारखी एखादी गाडी असावी, असे तिने सुचवले. १९३१ मध्ये आरिस्ट यांनी ती बांधली.

'भटक्यांच्या गाडीसारखी' हे शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. रोमा आणि इतर फिरस्ते समाज चाकांवरच्या घरात राहतच होते. हौशी प्रवाशांनी त्यांचेच घर उचलले. पण ज्या काळात डॉक्टर आणि कारखानदार अशा गाड्यांतून मानाने हिंडत होते, त्याच काळात फ्रान्सने १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीराची मापे आणि बोटांचे ठसे असलेली ओळखपुस्तिका बाळगण्याची सक्ती केली. गावात आल्यावर आणि गाव सोडताना त्यावर शिक्का घ्यावा लागे. १९६९ मध्ये या पुस्तिकेची जागा दुसऱ्या प्रवास-पुस्तिकेने घेतली, आणि तीही २०१७ पर्यंत पूर्णपणे रद्द झाली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याखालची पोलीस-हजेरी ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला याचा अर्थ लगेच कळेल. एकाच प्रकारच्या घरात राहून एकाला पर्यटक म्हणायचे आणि दुसऱ्याला संशयित, हा अन्याय या विषयाच्या इतिहासाचाच भाग आहे. तो गाळून नोंद पुरी होत नाही.

समुद्राची बाजू १९२८ पासून बदलू लागली. तोवर इंग्लिश खाडीपलीकडे, म्हणजे इंग्लंडहून फ्रान्सला, मोटार न्यायची तर ती रेल्वे कंपनीच्या बोटीवर क्रेनने चढवावी लागे आणि त्याचे दर जबर असत. कॅप्टन स्टुअर्ट टाउनसेंड यांनी 'आर्टिफिसर' ही कोळसा वाहणारी बोट भाड्याने घेऊन डोव्हर–कॅले मार्गावर स्वस्तात मोटारी नेणे सुरू केले. अर्थात त्यांच्याकडेही क्रेनच होती. गाडी चालवत थेट बोटीत नेण्याची सोय डोव्हरला १९५३ मध्ये झाली. अडचण भरती-ओहोटीची होती. डोव्हरला पाणी काही मीटर वर-खाली होते, त्यामुळे धक्का आणि बोटीचे दार दिवसभर एका पातळीवर राहत नाही. पाण्याबरोबर वर-खाली सरकणारा उतरता पूल बसवल्यावर तो प्रश्न सुटला. भूमध्य समुद्राला भरती फार कमी, म्हणून ग्रीसमधल्या कित्येक बंदरांत बोट पाठ फिरवून धक्क्याला लागते आणि आपलाच पूल सरळ काँक्रीटवर टेकवते.

सगळ्या फेरी कंपन्या जहाजमालकांनी काढल्या असेही नाही. 'ब्रिटनी फेरीज' ही कंपनी शेतकऱ्यांची आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात फ्लॉवर आणि आर्टिचोक पिकवणारे शेतकरी आलेक्सी गुर्व्हेनेक यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आले होते. त्यांनी सरकारकडे लकडा लावून रॉस्कॉफला खोल पाण्याचे बंदर बांधून घेतले आणि त्यावरून बोट चालवायला कोणी पुढे येईना तेव्हा स्वतःच कंपनी काढली. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात आला. दुसऱ्याच दिवशी त्यांची 'केरिस्नेल' ही मालवाहू बोट रॉस्कॉफहून प्लिमथला निघाली. भाजीसाठी काढलेल्या वाटेवर लवकरच सुटीवरचे प्रवासी आले, आणि १९७८ मध्ये प्लिमथ–सांतान्देर हा स्पेनचा मार्गही सुरू झाला. सहकारी साखर कारखान्यामागोमाग तालुक्यात रस्ते, शाळा उभ्या राहताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये.

रो-रो बोटीचे, म्हणजे गाडी चालवत चढवायच्या आणि उतरवायच्या बोटीचे, सोयीचे अंग तेच तिचे कच्चे अंग आहे. गाड्या सलग आत याव्यात म्हणून वाहनांचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो, आड भिंती नसतात. या मजल्यावर पाणी शिरले की बोट जिकडे कलते तिकडे ते सगळे धावते आणि तिला आणखी कलंडवते. ३१ जानेवारी १९५३ रोजी स्कॉटलंड–उत्तर आयर्लंड मार्गावरच्या 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया'चे मागचे दार वादळी लाटांनी मोडले आणि सव्वाशेहून अधिक माणसे गेली. ६ मार्च १९८७ रोजी 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' बेल्जियमच्या झेब्रुखा बंदरातून पुढचे दार उघडेच ठेवून निघाली. ते मिटले आहे की नाही हे सांगणारा साधा दिवाही कप्तानासमोर नव्हता. काही मिनिटांत ती कलंडली, १९३ जण मरण पावले. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री तालिनहून स्टॉकहोमकडे जाणाऱ्या 'एस्टोनिया'चा पुढचा झडपेसारखा भाग लाटांनी तुटून पडला आणि ८५२ माणसे बुडाली. आज दारांचे सूचक दिवे, कॅमेरे आणि वाहन-मजल्यावर पाणी आले तरी तोल टिकेल अशी रचना बंधनकारक आहे. कोणताही नियम कंटाळवाणा वाटला की ही तीन नावे आठवावीत.

त्याच कारणाने बोट समुद्रात असताना वाहनांचा मजला बंद ठेवतात. कॅराव्हॅनवाल्याला आपले घर खाली सोडून वर जावे लागते. त्याआधी गॅसची टाकी बंद करायची, फ्रिज बंद, चोरघंटा बंद, कारण बोटीच्या हेलकाव्याने ती वाजत राहते. हातब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, कपाटांच्या कड्या लावायच्या आणि रात्रीचे कपडे, औषधे एका पिशवीत बरोबर घ्यायची. मध्यरात्री खाली जाता येत नाही. भाडे गाडीची लांबी आणि उंची पाहून ठरते. मागची सायकलची चौकट आणि टपावरची पेटी धरून खरे माप सांगावे, नाहीतर धक्क्यावर जास्तीचे पैसे भरावे लागतात किंवा जागाच मिळत नाही. डोव्हर–कॅले दीड तासात होते, पण इंग्लंडहून बिस्केच्या उपसागरातून स्पेनला जायला जवळपास एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो आणि तिथल्या लाटा प्रसिद्ध आहेत. इटली–ग्रीस मार्गावर मात्र एक सुंदर अपवाद आहे : उन्हाळ्याच्या मोसमात काही बोटी मोटरहोम उघड्या डेकवर लावून घेतात, विजेची जोडणी देतात आणि माणसांना आपल्याच बिछान्यात झोपू देतात. सकाळी पडदा सारला की खिडकीत एड्रियाटिक समुद्र.

उतरल्यावर रस्ता बदलतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भारतासारखे डावीकडून चालवतात, खंडावर उजवीकडून. कॅलेच्या उतारावरून बाहेर पडताच मेंदूला बाजू बदलावी लागते. ब्रिटनमध्ये बांधलेल्या कॅराव्हॅनचे दार डाव्या अंगाला, पदपथाकडे असते. तेच फ्रान्समध्ये रहदारीकडे उघडते, म्हणून मुलांना दुसऱ्या बाजूने उतरवता येत नाही याची आठवण आधीच ठेवावी. ओढायच्या कॅराव्हॅनचा खरा धोका म्हणजे ती शेपटीसारखी डुलू लागणे. जड सामान चाकांच्या आसावर आणि खाली ठेवले, मागच्या टोकाला लादले नाही, तर हे बहुधा टळते. भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे, असा सल्ला ब्रिटनमध्ये नवख्यांना देतात. डुलणे सुरू झालेच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. जोरात ब्रेक मारू नये.

मुक्कामाची सोय देशागणिक वेगळी. फ्रान्समध्ये गावोगावी मोटरहोमसाठी 'एअर' नावाचे तळ असतात, जर्मनीत 'श्टेलप्लात्झ'. पाणी भरायला आणि शौचालयाची टाकी रिकामी करायला तिथे जागा असते. ब्रिटनमध्ये क्लबच्या सभासदांसाठी शेतकऱ्यांच्या रानात जेमतेम पाच कॅराव्हॅनचे छोटे तळ आहेत, आणि शांतता हवी असेल तर त्यांच्यासारखी जागा नाही. स्वीडनमध्ये रानात तंबू ठोकण्याचा सर्वांना हक्क आहे, पण तो माणसाला आहे, मोटारीला नाही. रस्ता सोडून गाडी रानात घालणे कायद्याने मना आहे.

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण ओढायची कॅराव्हॅन न घेता मोटरहोम भाड्याने घेतात. साध्या मोटारीचा परवाना ३,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या वाहनाला चालतो, म्हणून भाड्याच्या गाड्या बहुधा त्याच मर्यादेत असतात. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. व्हिसाची चूक सगळ्यात महागात पडते. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) आणि ब्रिटन यांचे व्हिसा वेगळे आहेत. फ्रान्सहून फेरीने इंग्लंड पाहून परत यायचे तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, आणि परतताना फ्रान्सची पासपोर्ट-तपासणी कॅलेला नव्हे, डोव्हरच्या धक्क्यावरच होते. इकडे मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, म्हणजे दोन्ही गोष्टी आता इथेही आहेत.

काही फेऱ्या दरम्यान संपल्या. खाडीखालचा बोगदा १९९४ मध्ये उघडला आणि फोकस्टोनहून कॅराव्हॅन रेल्वेच्या डब्यात बसून ३५ मिनिटांत फ्रान्सला जाऊ लागली. २००० मध्ये डेन्मार्क–स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंड पूल झाला. तरी थोडे उत्तरेला हेलसिंग्योर–हेलसिंगबोर्ग ही २० मिनिटांची फेरी चालूच आहे, आणि तिच्या दोन बोटी २०१८ पासून बॅटरीवर धावतात. नॉर्वेत सोग्ने फियोर्डवर 'अँपिअर' ही बॅटरीवरची मोटार-फेरी २०१५ मध्येच सुरू झाली. जर्मनीच्या पुटगार्डेनहून डेन्मार्कच्या र‍्योडब्यूला जाणारी, १९६३ मध्ये सुरू झालेली फेरी ४५ मिनिटे घेते. तिच्याच वाटेवर समुद्रतळाशी सुमारे १८ किलोमीटरचा बोगदा बांधला जात आहे, आणि तो पार करायला मोटारीला दहा मिनिटे पुरतील.