मधमाशी काजूचा मोहोर खात नाही

मधमाश्या मोहोरातला रस शोषून घेतात आणि त्यामुळे काजू गळतो, म्हणून हंगामापूर्वी पोळी जाळावीत, असा समज गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे अजूनही ऐकू येतो. वस्तुस्थिती उलट आहे. काजूच्या एकाच तुऱ्यात नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही फुले असतात, त्यांपैकी फळ केवळ द्विलिंगी फुलालाच धरते, आणि पराग चिकट असल्याने तो वाऱ्यापेक्षा कीटकांच्या अंगावरूनच फुलाफुलांत पोहोचतो. फुलातला मकरंद तर त्यांना बोलावण्यासाठीच असतो. (सातेरी या आपल्या ग्रामदेवतेचेच नाव मिरवणाऱ्या सातेरी जातीच्या मधमाशीवर हा आळ यावा, हे नवलच.) मोहोर करपवतो तो ढेकण्या हा किडा, जो कोवळ्या फुटीतला रस शोषतो, ढगाळ, दमट हवेत मोहोरावर बुरशीही चढते.

थंडी लांबली किंवा अवेळी पाऊस पडला की मोहोर मागेपुढे होतो. अशा वेळी परागसिंचनाला मिळणारे मोजके कोरडे दिवस माश्यांविना वाया जातात. म्हणून ढेकण्यासाठी फवारणी करावीच लागली, तर ती माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी आणि बागेच्या कडेची रानफुलांची झुडपे सरसकट तोडू नयेत, कारण काजूचा मोहोर संपल्यावर माश्यांचे पोट त्यांवरच चालते.