शांतता हवी? मग कार्डाला थोडं तापू द्या

२००३ साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड (संगणकात बसवायचा, पडद्यावरची चित्रं काढणारा भाग) आलं आणि लोकांनी लगेच त्याचं नाव ‘डस्टबस्टर’ ठेवलं. डस्टबस्टर म्हणजे हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर. पंख्याचा आवाजच तसा होता. शेवटी कंपनीनंच स्वतःची थट्टा करणारा व्हिडिओ काढला. त्यात हे कार्ड पालापाचोळा उडवायला वापरलेलं दिसतं. आजची दणकट कार्डं त्याच्या कित्येक पट वीज खातात, तरी त्यांतली बरीचशी त्याच्यापेक्षा शांत चालतात. म्हणजे कार्ड किती उष्णता निर्माण करतं, एवढ्यावर आवाज ठरत नाही. ती उष्णता किती घाईनं बाहेर काढली जाते, यावर बरंच काही अवलंबून असतं.

समजा कार्ड २०० वॅट वीज घेतं. ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. जाणारी हवा १० अंशांनी तापू द्यायची असं ठरवलं, तर सेकंदाला साधारण १७ लिटर हवा लागते. सेकंदाला एक बादली. काम काही फार मोठं नाही, पण ते कोणत्या पंख्याकडून करून घेता यावर शांतता ठरते.

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे ही घट भलतीच मोठी आहे. आता पंख्याचा आकार वाढवून पाहा. ९२ मिलिमीटरच्या पंख्याऐवजी तशाच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा लावला, तर तेवढीच हवा ढकलायला निम्म्याहूनही कमी फेरे पुरतात आणि हिशेबानं ९ डेसिबलच्या आसपास वाचतात. म्हणून मूळ कूलर (कार्ड थंड ठेवणारी पंख्यांची आणि धातूची जोडणी) काढून वेगळा कूलर घेताना डब्यावर छापलेल्या पंख्याच्या कमाल वेगाला भुलू नये. तो वेग आपल्याला वापरायचाच नाहीये.

यात एक मेख आहे. मोठा आणि संथ पंखा हवा भरपूर देतो, पण जोर कमी लावतो. वरच्याच उदाहरणात हवा तेवढीच राहिली तरी दाब जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता शोषून हवेला देणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्या फार दाटीनं बसवलेल्या असतील, तर संथ पंख्याची हवा त्यांच्यात शिरतच नाही, बाजूनं निसटते. दाट पट्ट्यांचा हीटसिंक दिसायला दणदणीत असतो, पण तो जोरात फिरणाऱ्या पंख्यासाठी बनवलेला असतो. संथ पंख्याला जरा विरळ पट्ट्या हव्यात, आणि त्यामुळे गेलेलं क्षेत्रफळ हीटसिंकची लांबी-जाडी वाढवून भरून काढावं लागतं. शांत कूलर धिप्पाड असतात ते यामुळे. तीन स्लॉट (कार्ड बसवायच्या खाचा) जागा खाणारा कूलर बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता मुख्य हिशेब. कॅबिनेटमधली, म्हणजे संगणकाच्या डब्यातली, हवा ३५ अंशांवर आहे आणि कार्डाची मुख्य चिप ७५ अंशांपर्यंत गेलेली आपल्याला चालते, असं धरू. फरक ४० अंशांचा, उष्णता २०० वॅट. म्हणजे दर वॅटमागे ०.२ अंश वाढ होऊ देणारा कूलर पुरेसा आहे. पण ‘मला ६०च्या वर नको’ असा हट्ट धरला तर फरक २५ अंशांवर येतो आणि दर वॅटमागे जेमतेम ०.१२५ अंशांची मुभा उरते. पट्ट्यांमधून वाहणारी हवा किती उष्णता उचलते हे तिच्या वेगाच्या वर्गमुळाच्या आसपास वाढतं, असं ढोबळमानानं मानलं, तर पंखा अडीच पट जोरात फिरवावा लागतो. आवाज २० डेसिबलनं वाढला! आणि कशासाठी? चिपला ७५ अंशांवर काहीही त्रास नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघून खूश होण्यासाठी लोक ही किंमत मोजतात, याचं मला कायम नवल वाटतं. दोन कूलरांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवून तापमान बघावं, किंवा तापमान सारखं ठेवून आवाज. पंखे पूर्ण वेगानं फिरवून घेतलेल्या तापमानांचा शांततेशी काही संबंध नाही.

मुख्य चिपच्या बाबतीत मी हे जेवढं बेफिकिरीनं सांगतोय, तेवढी बेफिकिरी कार्डावरच्या इतर भागांबाबत चालणार नाही. वेगळ्यानं घेतलेल्या कूलरचा भला मोठा हीटसिंक बहुतेक वेळा फक्त मधल्या चिपवर टेकतो. भोवतीच्या मेमरी चिप आणि व्होल्टेज नियंत्रित करणारे भाग यांच्यासाठी वेगळे चिमुकले हीटसिंक चिकटवावे लागतात. मूळ कूलरमध्ये या सगळ्यांना टेकणारी धातूची पट्टी असते, ती आपण काढून टाकलेली असते. जीडीडीआर६एक्स जातीची मेमरी तर मुळातच तापट. आणि कार्ड नेहमीसारखं आडवं बसवलं की हे भाग खालच्या बाजूला येतात. माझ्या एका जुन्या कार्डावर मी चिकटवलेला असाच एक इवला हीटसिंक दोन महिन्यांनी सुटला आणि थेट फिरत्या पंख्यात पडला. त्यानंतर चिकटवण्याआधी पृष्ठभाग अल्कोहोलनं पुसायचा कंटाळा मी कधी केला नाही.

स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर कार्डागणिक बदलतं, तेव्हा ते आधी मोजावं. चिपवर धातूचं झाकण नसतं, काच म्हणावी असा उघडा सिलिकॉन असतो; स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करत आवळले नाहीत तर कोपरा उडतो. वॉरंटीच्या अटीही वाचून घ्याव्यात.

इतका खटाटोप नको असेल तर एक मधला मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच कार्डांसाठी मी तोच सुचवेन. मूळ हीटसिंक जागेवरच ठेवायचा, त्यावरचं प्लास्टिकचं आवरण आणि बारके पंखे तेवढे काढायचे, आणि १२० मिलिमीटरचे दोन साधे कॅबिनेटचे पंखे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकायचे. कार्डावरचा पंख्याचा कनेक्टर छोटा असतो, त्यासाठी जोडवायर लागते. दिसायला गबाळं, पण मेमरीची काळजी आपोआप मिटते.

त्याच्याही आधी फुकटातला उपाय करून बघावा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज १० टक्के उतरवूनही चिप त्याच वेगानं स्थिर चालली, तर तिच्या बऱ्याचशा विजेत १९ टक्क्यांच्या आसपास घट होते. प्रत्येक चिप एवढं सोसेलच असं नाही, पण थोडं तरी सोसतेच.

डेसिबल सारखे असूनही एखादा पंखा डोक्यात जातो, त्याचं कारण सुरात असतं. ९ पात्यांचा पंखा मिनिटाला १००० फेरे घेतो तेव्हा १५० हर्ट्‌झचा सूर उठतो. शेजारचा पंखा १०१० फेऱ्यांवर असेल तर त्याचा सूर १५१.५ हर्ट्‌झ. दोघे मिळून सेकंदाला दीडदा चढणारी-उतरणारी घुमघुम तयार करतात. उपाय सोपा आहे: दोन्ही पंखे एकाच वेगावर बांधायच्या नादी न लागता त्यांच्यात चांगला शंभरेक फेऱ्यांचा फरक ठेवायचा.

एवढं सगळं जमलं, पंखे ऐकू येईनासे झाले, की कधीकधी कार्डातून बारीक किर्रर्र ऐकू येऊ लागते. ती नवी नसते. व्होल्टेज नियंत्रणाच्या कॉइलींमधून (तारेच्या वेटोळ्यांमधून) वीज बदलत वाहते तशा त्या कंप पावतात. आधी हा आवाज पंख्याखाली दबलेला होता. कुठलाही कूलर तिला थांबवू शकत नाही. खेळात सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढायच्या यावर मर्यादा घातली तर मात्र ती बऱ्याचदा कमी होते.