दारावर न आलेली माणसं

२०२१ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १४ मेला आली. कडुनिंबाला सलग दुसऱ्या वर्षी झोका बांधला नव्हता, सासुरवाशिणी माहेरी आल्या नव्हत्या. आमच्या तापीकाठच्या गावात समोरच्या काकू ओट्यावर एकट्याच बसून होत्या. काका कोरोनाने जळगावला दवाखान्यात वारले, अंत्यविधीही तिकडेच उरकला. दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, कुणी येऊ शकलं नाही.

एरवी मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. बाया गळ्यात पडून रडतात, तीच हकिकत दहादा ऐकून घेतात. मी याला नुसती रीत समजायचो. पण शरीराच्या दृष्टीने ते औषधच आहे. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला इशारा देतो, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते. धोका टळला की हे सगळं ओसरायला हवं. साथीत धोका महिनोन्‌महिने टळतच नाही आणि झोप उडते. भरवशाचं माणूस जवळ असलं की ही धडधड लवकर निवते. नेमकी तीच जवळीक तेव्हा बंद होती. कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. एकटेपणा हे त्याचं एक मोठं कारण होतं.

याच संघटनेने २०११मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. मात्र ‘काय झालं ते सांगच’ म्हणून खोदून विचारू नये. बळेच बोलतं केल्याने जखम उलट चिघळू शकते. आपण ‘रडू नको, धीर धर’ म्हणतो, तेही मला पटत नाही. रडू द्यावं. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं, तर थांबू नये. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे.

तेव्हा हा क्रमांक नव्हता. माझी आई रोज काकूंच्या ओट्यावर डबा ठेवायची, मागे सरून आमच्या ओट्यावर बसायची आणि गल्लीपलीकडून विचारायची, “जेवन व्हयनं का?” एवढंच. तिसऱ्या आठवड्यात काकू आपणहून बोलल्या. काकांनी फोनवर शेवटचं केळीबद्दल विचारलं होतं, “केयीले पानी दिधं का?”