कोविड महासाथ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची प्रॅक्टिस

कोविड-१९ च्या महासाथीत (२०२०-२१) ज्या विशेषज्ञांचे रोजचे साधे कामच जोखमीचे ठरले, त्यांत कान-नाक-घसा तज्ज्ञ अग्रभागी होते. आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत विषाणू नाकात आणि नाकामागच्या घशात भरपूर असतो, आणि या डॉक्टरांची तपासणी नेमकी तिथेच चालते. दुर्बीण नाकात घातली की रुग्ण शिंकतो, जीभ दाबली की उबळ येते. नेत्रतज्ज्ञांनाही रुग्णाच्या इतकेच जवळ बसावे लागते. नव्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सावध करणारे वुहानचे डॉ. ली वेनलियांग नेत्रतज्ज्ञच होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी कोविडनेच त्यांचा बळी घेतला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि टॉन्सिल, नाकाचे वाकडे हाड, कानाचा पडदा अशा नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. छोट्या दवाखान्यांचे उत्पन्न आटले. पगार, भाडे आणि यंत्रांचे हप्ते मात्र चालूच राहिले. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाल्याने फोनवर सल्ला देण्याला चौकट मिळाली, पण या शाखेला तिचा उपयोग बेताचाच. कानाचा पडदा फोनवर दिसत नाही. आवाज तीन-चार आठवडे घोगरा राहिला तर स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावेच लागते, आणि तंबाखूचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या भागात ही तपासणी लांबणे म्हणजे कर्करोगाचे निदान लांबणे. महासाथीतले हे नुकसान कोविडच्या आकड्यांत कुठेच धरले गेले नाही.

शस्त्रक्रियागृहातल्या अडचणी वेगळ्या होत्या. कानामागचे हाड ड्रिलने कोरताना तुषार उडतात, म्हणून पीपीई किट आवश्यक. पण गॉगल आणि फेसशील्ड चढवल्यावर डोळा सूक्ष्मदर्शकाला नीट टेकत नाही, काचेवर वाफ धरते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची श्वासनलिका उघडणे, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, हे तर सर्वांत धोक्याचे काम. ते कधी करायचे यावर सुरुवातीला बराच खल झाला. बहिऱ्या रुग्णांचे हाल फारसे कुणाच्या लक्षात आले नाहीत: मास्कमुळे ओठ दिसेनात, डॉक्टरांचे बोलणे कळेना.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, चित्र पालटले. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत मोठ्या संख्येने येऊ लागले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मुख्य कारणे होती. गाल बधिर होणे, चेहरा दुखणे, नाकात काळी खपली, एकाच्या दोन वस्तू दिसणे, ही लक्षणे ओळखून तातडीने सायनसमधल्या मृत ऊती काढाव्या लागत. कधी डोळा, कधी वरचा जबडाही काढावा लागे. २० मे २०२१ रोजी केंद्राने हा आजार अधिसूचित करण्यास, म्हणजे त्याच्या प्रत्येक रुग्णाची सरकारला माहिती देणे बंधनकारक करण्यास, राज्यांना सांगितले. त्या सुमारास लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी, म्हणजे या बुरशीवरच्या औषधाचा मूत्रपिंडांना कमी त्रास देणारा प्रकार, मिळेनासे झाले होते. साधे अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना घातक, आणि मधुमेहींची मूत्रपिंडे बहुधा आधीच अशक्त. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी औषधाअभावी ती अपुरी पडण्याची भीती असे.

जबडा काढलेल्या रुग्णांचे उपचार लाट ओसरल्यावरही संपले नाहीत. टाळूला भोक पडले की अन्न नाकात जाते, शब्द गेंगाणे होतात. अशांसाठी दंतवैद्यांकडून कृत्रिम टाळू बसवून घेणे आणि बुरशी परतली नाही ना हे दुर्बिणीने पुन्हापुन्हा पाहणे, हे काम पुढेही बराच काळ चालले.